जीवाश्म साफ करण्याचा छंद: इथे कोणी करतं का?

शिंपला

मंडळी, संग्रहालयात काचेमागे ठेवलेला अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाच्या प्राचीन समुद्री प्राण्याचा जीवाश्म, पाहिला की तो खडकातून असाच निघाला असेल असं वाटतं. तसा तो जवळजवळ कधीच निघत नाही. किनाऱ्यावर हाती लागतो तो एक राखाडी, ओबडधोबड गोळा. फार तर त्याच्या कडेला बोटभर वळी दिसते. बाकीचा प्राणी आतच असतो आणि त्याला बाहेर काढण्याचं काम कोणीतरी टेबलाशी, दिव्याखाली, भिंगातून बघत केलेलं असतं. या कामाला इथे इंग्लंडात प्रेप (प्रिपरेशन) म्हणतात. मराठीत याबद्दल फार काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

मी लीड्सला राहते. व्हिटबी, सॉल्टविक बे, रनस्विक बे हा यॉर्कशरचा किनारा इथून गाडीने दीड-दोन तासांवर आहे. तिथले काळपट शेलचे (चिखलापासून झालेल्या पातळ थरांच्या खडकाचे) कडे साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचे. कडे झिजतात आणि त्यांतले चुनखडीचे गोळे लाटांबरोबर वाळूवर येऊन पडतात. अशा गोळ्यांत डॅक्टिलिओसेरास आणि हिल्डोसेरास हे अमोनाइट भरपूर मिळतात. सुटे पडलेले गोळे उचलायला सहसा हरकत नसते, पण कड्यात हातोडी घालायची नाही. किनाऱ्याचा बराच भाग संरक्षित आहे आणि कडे कधीही कोसळतात. भरतीची वेळ बघितल्याशिवाय तर खाली उतरूच नये. सॉल्टविकसारख्या ठिकाणी पाणी मागून येऊन वाट बंद करतं.

घरी आणलेला गोळा आधी साध्या पाण्यात भिजत ठेवायचा आणि पाणी बदलत राहायचं. समुद्राचं मीठ आत मुरलेलं असतं. ते तसंच राहिलं तर वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि कवच आतून फुटतं. मग सावलीत हळूहळू वाळवायचा. हातोडी मारताना गोळा फुटून अमोनाइटचे तुकडे झाले असतील, तर बारीकातला बारीक तुकडाही टाकायचा नाही. सगळे एकत्र गुंडाळून आणायचे आणि घरी जोडायचे.

त्यानंतर खरं काम सुरू होतं, आणि ते डोळ्यांचं आहे. हत्यार हातात घेण्याआधी दगड नीट वाचावा लागतो. कवच तपकिरी आणि जरा तकतकीत, खडक मातकट राखाडी. कडेला जी वळी दिसते तिचा बाक बघून आत वेटोळं कुठल्या दिशेने गेलं असेल, किती खोल असेल, मधला भाग कुठे येईल याचा अंदाज बांधायचा. दिवा वरून न ठेवता बाजूने, जवळजवळ आडवा ठेवला की उंचवटे सावल्यांतून उठून दिसतात.

मी एअर पेन वापरते. पेनासारखं हत्यार, टोकाला टंगस्टन कार्बाइडची सुई, आणि कॉम्प्रेसरच्या हवेवर ती सुई मिनिटाला हजारो बारीक ठोके देते. ती कवचावर सरळ रोखायची नसते. खडकात थोड्या तिरक्या कोनात चालवायची. चांगल्या गोळ्यात खडक आणि कवच यांच्यात एक नैसर्गिक फट असते, आणि सुई जवळ आली की शेवटचा पातळ थर वाळलेल्या पोपड्यासारखा आपोआप उडून येतो. खालची वळी स्वच्छ, अगदी तिच्यावरच्या बारीक धारांसकट दिसते. पहिल्यांदा तो थर उडतो तेव्हा जे वाटतं, त्यासाठी मी हा छंद कोणालाही सुचवीन. १८ कोटी वर्षांत तो भाग कोणी पाहिलेला नसतो.

बाहेरच्या वेटोळ्यापासून आत जायचं. मधला भाग म्हणजे प्राण्याचं बालपण. तिथे वळ्या केसासारख्या बारीक होतात, म्हणून तिथे हत्यारही बारीक आणि वेळही सर्वांत जास्त.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीत जाईन.

---

बसाल्टप्रेमी

उत्तम धागा. मी पुण्यात झिओलाइट जमवतो, त्यामुळे दगड साफ करण्याचं वेड ओळखीचं आहे. आपल्याकडच्या बसाल्टच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइट, आणि वाघोलीच्या खाणींतलं ते निळं कॅव्हन्साइट. तिथे साफ करणं म्हणजे मुख्यतः माती आणि गंज काढणं, कारण स्फटिक उघडे असतात. तुमच्या कामात वस्तू दिसतच नाही आणि तरी तिच्यापर्यंत पोहोचायचं असतं, हा मोठाच फरक.

एक शंका. चुनखडीच आहे तर गोळा व्हिनेगरमध्ये टाकून विरघळवता येत नाही का? सुईने कोरत बसण्यापेक्षा सोपं वाटतं.

---

शिंपला

@बसाल्टप्रेमी, हा प्रश्न प्रत्येक नवीन माणसाला पडतो, म्हणून सविस्तर लिहिते.

व्हिनेगर म्हणजे साधारण पाच टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. ते कॅल्शियम कार्बोनेट खातं. गोळा कार्बोनेटचा, पण व्हिटबीच्या अमोनाइटचं कवच आणि आतला भरावही बहुतेक कॅल्साइटच, म्हणजे कार्बोनेटच. अ‍ॅसिडला दोघांत फरक कळत नाही. उलट कवच पातळ असल्यामुळे तेच आधी जातं.

अ‍ॅसिड कामाला येतं ते खडक आणि जीवाश्म यांची रसायनं वेगळी असतील तेव्हा. चुनखडीत अडकलेलं हाड किंवा मासा हा फॉस्फेटचा असतो, तो टिकतो आणि भोवतालचा खडक विरघळतो. हॅरी टूम्ब्स यांनी १९४८ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. ते लंडनच्या आजच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये होते. तिने पृष्ठवंशी प्राण्यांच्या जीवाश्मांचा अभ्यासच बदलला, कारण कवटीच्या आतली नाजूक छिद्रंसुद्धा शाबूत मिळू लागली. पण त्यासाठी अ‍ॅसिड सौम्य लागतं, त्यात कॅल्शियम फॉस्फेट मिसळावं लागतं म्हणजे हाडाला धक्का लागत नाही. उघडं पडलेलं हाड दर फेरीनंतर वाळवून त्यावर संरक्षक लेप द्यावा लागतो. शेवटी अ‍ॅसिडचा अंशही उरू नये म्हणून पाण्यात दीर्घकाळ धुवावं लागतं. घाईच्या माणसाने याच्या वाटेला जाऊ नये. सुई सोपी नाही, पण ती जिथे थांबवाल तिथे थांबते. अ‍ॅसिड थांबत नाही.

---

ओवीची_आई

ताई, माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला डायनासोरचं वेड आहे आणि प्लॅस्टरच्या ठोकळ्यातून खोटी हाडं काढायचे ते खेळण्याचे संच करून झाले. आता खरं काहीतरी हवं म्हणते. घरात कॉम्प्रेसर वगैरे शक्य नाही. कुठून सुरुवात करू? आम्ही न्यू जर्सीला असतो.

---

शिंपला

@ओवीची_आई, अमेरिकेत आहात तर उत्तर सरळ आहे: वायोमिंगच्या ग्रीन रिव्हर खडकातला नाइटिया मासा. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यातला हा लहानसा मासा इतका मुबलक मिळतो की तो वायोमिंगचा राज्य-जीवाश्म आहे. साफ न केलेल्या त्याच्या पातळ फरश्या सरावासाठी मुद्दाम विकल्या जातात, आणि स्वस्त असतात. खडक मऊ, थरांचा. हाताने धरायच्या सुईने निघतो, यंत्र लागत नाही.

लागणारं साहित्य: सुई पकडायची छोटी मूठ, तिच्यात कार्बाइडची किंवा शिवणाची जाड सुई, मऊ दात-ब्रश, डोक्याला लावायचं भिंग, बाजूला ठेवता येईल असा टेबल-लॅम्प, आणि वाळूची एक छोटी पिशवी. पिशवी विसरू नका. फरशी सपाट टेबलावर ठेवून दाब दिला की मधोमध मोडते, वाळूवर ती सगळीकडून टेकते.

फरशीवर मासा दिसणार नाही, पण दिवा आडवा धरला की कण्याच्या जागी एक पुसटशी उंच रेघ दिसेल. तिथून सुरू करायचं. सुई माशात खुपसायची नाही, आडवी धरून थर सोलायचा. कण्याकडून बरगड्यांच्या दिशेने, आणि पर सगळ्यात शेवटी. दहा वर्षांचं मूल हे नक्की करू शकतं, तिला एका बैठकीत पूर्ण करायला सांगू नका एवढंच. चष्मा आणि मास्क मात्र तिलाही हवा.

---

टेक्सासकर

नाइटियाला माझंही मत. वायोमिंगमध्ये केमररजवळ खासगी खाणी आहेत, पैसे भरून स्वतः फरश्या फोडता येतात आणि नेहमीचे मासे घरी नेता येतात. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. तिथे एक गोष्ट कळली ती सांगतो. ज्या जाड थरात सर्वांत चांगले मासे मिळतात तिथे लोक रात्री काम करतात. मासा खडकाच्या पातळ पापुद्र्याखाली असतो, भर उन्हात फरशी कोरी दिसते. रात्री दिवा जमिनीलगत आडवा ठेवला की कण्याची रेघ उमटते. तुम्ही टेबलावरच्या दिव्याबद्दल जे लिहिलंत तेच, फक्त खाणीच्या आकाराचं.

---

वैद्यराज_सांगली

मास्कचा उल्लेख एका ओळीत आला, त्यावर मला थांबून बोलायचं आहे. मी छातीविकारांचा डॉक्टर आहे.

खडकाच्या धुळीत सिलिका असते. डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथेच राहतात. फुप्फुस हळूहळू कडक होत जातं, त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांमध्ये या रोगाने जो हाहाकार केला तो आमच्या पुस्तकांत शिकवला जातो. तिथली माणसं पेन्सिली कापत होती, ऐन तारुण्यात दम लागून गेली. चुनखडीत सिलिका कमी असते हे खरं, पण शेल, वालुकाश्म आणि चर्ट नावाच्या गारेसारख्या कठीण खडकात भरपूर असते, आणि नवख्याला खडक ओळखता येतोच असं नाही.

कापडी मास्क किंवा रुमाल उपयोगाचा नाही. भारतात एन-९५, युरोपात एफएफपी-३. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, दाढी असेल तर बसत नाही. धूळ जिथे उडते तिथेच ओढून घेणारी सोय करा. काम झाल्यावर कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे मुलांच्या खोलीत नेऊ नका. शिंपला ताई, तुम्ही काय सोय केली आहे?

---

शिंपला

@वैद्यराज, मनापासून आभार. हा प्रतिसाद धाग्यात सगळ्यात वर असायला हवा होता.

माझं काम गॅरेजमध्ये चालतं. पारदर्शक झाकणाची पेटी आहे, बाजूला हात घालायला दोन भोकं आणि मागे धूळ ओढणारी नळी, तिला चांगल्या गाळणीचा व्हॅक्यूम जोडलेला. पेटी असली तरी मास्क असतोच. एअर पेनचा आवाज बारीक पण कर्कश असतो, कॉम्प्रेसर तर धडधडतोच, म्हणून कानांवरही संरक्षण. आणि त्या पेनच्या कंपनाने बोटं बधिर होऊ लागली की थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुढे.

कॉम्प्रेसरबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहिते. लहान एअर पेनला सहा-सात बार दाब पुरतो, पण हवा सतत लागते, म्हणून टाकी मोठी असलेली बरी. नळीत पाणी धरून ठेवणारा सापळा बसवा, नाहीतर हवेतला दमटपणा आत जाऊन हत्यार गंजतं. सुरुवातीलाच हे सगळं विकत घेऊ नका. विजेवर चालणारं साधं कोरणीयंत्र, जे लोक हत्यारांवर नाव घालायला वापरतात, त्यावर जाडजूड खडक काढता येतो. ते बोजड आहे, हाताला दणके देतं, बारीक कामाला नाही. पण आपल्याला हे काम आवडतं का, हे कळायला पुरेसं आहे.

---

पंतकाका

आमच्या देव्हाऱ्यात तीन पिढ्यांचा शाळिग्राम आहे. त्यातही चक्र दिसतं. हा तोच प्राणी का? आणि तुमच्या पद्धतीने तो अधिक उघडता येईल का?

---

शिंपला

काका, हो, तोच वंश. नेपाळात मुक्तिनाथच्या बाजूने काली गंडकी वाहते, तिच्या वरच्या भागात जुरासिक काळातले काळे शेल आहेत आणि त्यांतल्या गोळ्यांत अमोनाइट असतात. नदी ते गोळे घासत, गोल करत खाली आणते. चक्र म्हणतात ती त्या प्राण्याच्या वेटोळ्याची खूण.

पण देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामाला सुई लावू नका. त्याला आजचं रूप नदीने दिलं आहे, आणि तीन पिढ्यांनी ते पूजलं आहे. त्यापुढे काही उघडण्याची गरज नाही.

इथे व्हिटबीतही अशीच श्रद्धा होती. सातव्या शतकात मठ स्थापणाऱ्या संत हिल्डाने तिथल्या सापांचे दगड केले अशी कथा. गावाच्या चिन्हावर तीन वेटोळी आहेत, आणि हिल्डोसेरास हे नाव तिच्यावरूनच. पूर्वीचे विक्रेते अमोनाइटला सापाचं तोंड कोरून विकत. असे नमुने संग्रहालयांत आहेत आणि मला ते बघायला आवडतात, पण त्यात मूळ कवचाचं तोंड, जिथे प्राणी राहत होता तो भाग, कायमचा गेला आहे.

---

लामेटा

नागपूरहून लिहितोय, भूशास्त्र शिकवतो. धागा वाचून राहवलं नाही, कारण प्रेप हा विषय आपल्याकडे अभ्यासक्रमातही एका तासात उरकतात, आणि भारतातले दोन मोठे शोध तर याच कामातून पुढे आले आहेत.

पहिला गुजरातचा. ढोली डुंगरी या गावाजवळ लामेटा खडकात (डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या गाळाच्या थरांत) भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना १९८०च्या दशकात डायनासोरची अंडी आणि शेजारी लहान हाडं असलेला एक ठोकळा मिळाला. ती हाडं अंड्यातून निघालेल्या पिल्लाची मानली गेली. २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ विल्सन तो ठोकळा बघत होते. त्यांना त्यातले काही मणके एकमेकांत ज्या पद्धतीने अडकले होते ती सापाची वाटली. पुढे तो ठोकळा मिशिगनला नेऊन सावकाश साफ केला गेला आणि चित्र पूर्ण झालं: फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साधारण साडेतीन मीटरचा साप आणि त्याच्या शेजारी नुकतंच बाहेर आलेलं टायटॅनोसॉरचं, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचं, पिल्लू. ६.७ कोटी वर्षांपूर्वीचा प्रसंग. २०१० मध्ये त्याचं नाव जाहीर झालं, सनाजेह इंडिकस. ठोकळ्यातली हाडं तीच होती, वीसहून अधिक वर्षं समोर होती.

दुसरा कच्छचा. पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतून २००५ मध्ये मोठे मणके मिळाले. ते मगरीसारख्या प्राण्याचे असावेत असं वाटलं आणि आयआयटी रुरकीत ते पडून राहिले. अनेक वर्षांनी त्यांच्यावरचा गाळ नीट काढून अभ्यास झाला तेव्हा तो साप निघाला, वासुकी इंडिकस. देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी २०२४ मध्ये तो जाहीर केला. २७ मणक्यांवरून लांबीचा अंदाज ११ ते १५ मीटर.

शोध रानात लागतो असं आपण मानतो. मी विद्यार्थ्यांना सांगतो की निम्मा शोध टेबलावर लागतो.

---

बसाल्टप्रेमी

@लामेटा, जबरदस्त. मग आपल्याकडे हौशी माणसाला काय करता येईल? बसाल्टमध्ये जीवाश्म नाहीत हे माहीत आहे, पण दोन लाव्ह्यांच्या मधल्या थरांत असतात ना?

---

लामेटा

असतात. लाव्ह्याचे लोट थांबत तेव्हा मध्ये तळी साचत, त्यांचा गाळ पुढच्या लाव्ह्याखाली गाडला जाई. ते आंतरट्रॅपीय थर. छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलां त्यासाठी जगभर माहीत आहे, बिरबल साहनींच्या काळापासून तिथल्या वनस्पतींवर काम चाललं आहे. पण तिथला खडक चर्ट, म्हणजे सिलिका. सुई चालत नाही. तो कापतात, घासून पातळ काच करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. फळाचा आडवा छेद, त्यातल्या बिया, पेशीसुद्धा दिसतात. ही प्रेपच आहे, फक्त हत्यार वेगळं.

याच्या उलट टोकाला मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतली प्लाइस्टोसीन काळातली, म्हणजे हिमयुगांच्या काळातली, हत्ती वगैरेंची हाडं. ती पूर्ण दगड झालेली नसतात, उघडी पडली की भुगा होऊ लागतात. तिथे आधी हाडाला ताकद द्यावी लागते, साफसफाई नंतर.

हौशींना माझी कळकळीची विनंती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यासारख्या किंवा गडचिरोलीतल्या सिरोंचासारख्या ठिकाणी जाऊन काही उपसू नका. घुघुआसारख्या जीवाश्म उद्यानांतून तर खडाही उचलायचा नसतो. शेतात, विहिरीच्या खोदकामात काही दिसलं तर जागेवरच ठेवून फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा, फोनवर ठिकाण नोंदवा, आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. हाड कुठल्या थरात होतं हे एकदा गेलं की कितीही सुंदर साफ केलं तरी त्याची किंमत अर्धी होते. हात चालवायचाच असेल तर विभागात विचारा. मणके-दात वेगळे करायला, गाळ चाळून बघायला माणसं कायम कमी असतात. बारीक काम करणारे हात आम्हाला हवे आहेत.

---

शिंपला

@लामेटा सर, सनाजेहची गोष्ट इतकी नीट मराठीत पहिल्यांदाच वाचली.

ठिकाणाच्या नोंदीबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मी प्रत्येक नवीन माणसाला आधी सांगते, हत्यारांच्याही आधी. माझ्याकडच्या प्रत्येक नमुन्याबरोबर एक चिठ्ठी असते: कुठला किनारा, कुठल्या थरातून आला असावा, कधी उचलला, कोणी साफ केला, कुठला गोंद वापरला, आणि काही भाग जोडलेला किंवा भरलेला असेल तर नेमका कुठला. हे शेवटचं लिहायला अनेकांना आवडत नाही, पण ते लिहिल्याशिवाय केलेलं काम मला अप्रामाणिक वाटतं. मोरोक्कोचे ट्रायलोबाइट (खंडाखंडांच्या कवचाचे प्राचीन समुद्री प्राणी) बघा. तिथले कुशल कारागीर हवेत उभे राहणारे काटे एकेक करून मोकळे करतात, ते काम थक्क करणारं आहे. त्याच बाजारात रेझिनमध्ये ओतलेले आणि दोन प्राण्यांचे तुकडे जोडलेलेही विकले जातात. चीनमधून आलेला आर्किओरॅप्टर नावाचा जीवाश्म १९९९ मध्ये पक्षी-डायनासोर दुवा म्हणून गाजला आणि तपासणीत वेगवेगळ्या प्राण्यांचा जोड निघाला. त्यातला शेपटीचा डायनासोर स्वतः महत्त्वाचा शोध होता. जोडणाऱ्याने त्याचंच नुकसान केलं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम रेजिसला, मेरी अ‍ॅनिंग जीवाश्म शोधून साफ करण्याचं हे काम करत असे. शाळा जेमतेम. १८११-१२ मध्ये भावाला कवटी सापडली आणि मेरीने बाकीचा इक्थिओसॉर (माशासारखा दिसणारा समुद्री सरीसृप) शोधला, तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची. १८२३ मध्ये तिने पूर्ण प्लेसिओसॉर, हाही समुद्री सरीसृपच, काढला. मान इतकी लांब की कुव्हिएसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाला तो बनावट वाटला. तपासणीत तो खरा ठरला. हाडं कशी बसतात हे समजावं म्हणून ती मासे आणि माकूळ कापून बघत असे. आम्ही सगळे तिच्याच वाटेवर आहोत.

---

रानवाट

मी चार वर्षांपूर्वी व्हिटबीहून एक छोटा सोनेरी अमोनाइट विकत घेतला होता. आता त्यावर पांढरी-पिवळी पूड येते आहे आणि खोका उघडला की उग्र वास येतो. काय करू?

---

शिंपला

@रानवाट, तो सोनेरी रंग पायराइटचा आहे आणि त्याला लागलेला रोग सगळ्यांना धास्तावणारा आहे. पायराइट म्हणजे लोह आणि गंधक. दमट हवेत ते ऑक्सिजनशी संयोग पावतं, त्यातून लोहाचे क्षार आणि गंधकाम्ल तयार होतं. अम्ल नमुना खातं, खोका खातं आणि तुमची चिठ्ठीही खातं. आर्द्रता साठ टक्क्यांवर गेली की वेग फार वाढतो. तुम्ही मुंबईत असाल तर पावसाळ्याचे चार महिने त्याला पुरेसे आहेत.

आधी तो बाकीच्या नमुन्यांपासून दूर करा. हातमोजे घालून कोरड्या ब्रशने पूड काढा. पाण्याने धुवू नका. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या म्हणजे बदलायची वेळ कळते. संग्रहालयांत इथॅनोलअमाइन थायोग्लायकोलेट नावाच्या रसायनाने हे क्षार काढतात, पण ते घरी करण्यासारखं नाही. आता त्याचे फोटो सगळ्या बाजूंनी काढून ठेवा, मापं लिहून ठेवा. कोरडा राहिला तर बहुतेक टिकेल. जे झालं आहे ते मागे जाणार नाही.

लाखेचा किंवा वार्निशचा हात दिला तर वाचेल असं अनेक जण सांगतील. आत दमटपणा कोंडला गेला तर लेपाखाली रोग चालूच राहतो, फक्त दिसत नाही. एकूणच चमक आणण्यासाठी वार्निश मला पटत नाही. कवचाचा मूळ पोत हीच त्याची शोभा आहे.

---

टेक्सासकर

शेवटच्या सफाईसाठी तुम्ही हवेबरोबर पूड मारणारं यंत्र वापरता का? इथे बरेच जण खाण्याचा सोडा वापरतात.

---

शिंपला

वापरते. तत्त्व कठीणपणाचं आहे. कॅल्साइटचा कठीणपणा मोहस् मापावर ३. सोड्याचा साधारण अडीच, म्हणून तो कवचाला जवळजवळ काही करत नाही, पण चिकट खडकही हटवत नाही. डोलोमाइटची पूड साडेतीन ते चार, ती खडक काढते पण एकाच जागी रेंगाळली तर कवच खाते. इथे इंग्लंडात लोखंडाची बारीक पूड लोकप्रिय आहे. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड ९, त्याने अमोनाइटवरच्या धारा क्षणात गुळगुळीत होतील. दाब कमीत कमी ठेवून, आधी त्याच गोळ्यातल्या एखाद्या टाकाऊ तुकड्यावर चाचणी घ्यायची. आणि सोडा असो की लोखंड, पेटीच्या बाहेर कधीच नाही.

---

ओवीची_आई

नाइटियाची फरशी आली, ओवीने काम सुरू केलं आहे. कणा आणि अर्ध्या बरगड्या दिसतात. शेपटीजवळचा एक कोपरा सुटून आला, तुकडा जपून ठेवला आहे. घरात सुपरग्लू आहे, लावू का?

---

शिंपला

फार छान चाललंय तिचं! तुकडा जपला हे सर्वांत महत्त्वाचं.

सुपरग्लू चालतो आणि घाईत बरेच जण वापरतात, पण तो काढता येत नाही. किंचित वाकडा बसला तर तसाच राहतो. पॅरालॉइड बी-७२ मागवा. पारदर्शक दाणे असतात, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतात, आणि पुढे कधीही अ‍ॅसिटोननेच पुन्हा सोडवता येतात. म्हणूनच संग्रहालयं तेच वापरतात. जोडायला घट्ट लागतं, वजनाने साधारण निम्मे दाणे, निम्मं अ‍ॅसिटोन. काचेच्या बाटलीत, घट्ट झाकण लावून रात्रभर ठेवा, मध्येमध्ये हलवा. सुटू पाहणारे काटे-बरगड्या धरून ठेवायला अगदी पातळ, पाच टक्के, ब्रशच्या टोकाने एक थेंब. अ‍ॅसिटोन तुम्ही स्वतः हाताळा, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब.

जोडण्याआधी दोन्ही कडा कोरड्या ब्रशने साफ करा, मध्ये एक कण राहिला तरी फट दिसते. कोरडंच बसवून बघा, नीट बसलं की मग गोंद लावा. फरशी वाळूच्या पिशवीवर अशा कोनात टेकवा की तुकडा स्वतःच्या वजनाने जागेवर राहील, आणि एक दिवस हात लावू नका. तोवर ओवीला चिठ्ठी लिहायला सांगा. ग्रीन रिव्हर, वायोमिंग, नाइटिया, साफ करणारीचं नाव, आणि शेपटीजवळचा कोपरा बी-७२ने जोडला आहे.